जुना लॅपटॉप, नवी डिस्क आणि लिनक्स मिंट : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझ्या मावशीचा लॅपटॉप २०१४ सालचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. बटण दाबून ती चहाचं आधण ठेवायला जायची. चहा गाळून, कप हातात घेऊन परत आली तरी पडद्यावरचे ठिपके गोल गोल फिरतच असायचे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा ओळखीतल्या दोघांनी 'आता हा भंगारातच' असं तिला सांगून टाकलं. नवीन घ्यायचा तर पेन्शनला खार लागणार, म्हणून तिने मला फोन केला.

आज तोच लॅपटॉप ती रोज वापरते. बँकेचं काम, भजनी मंडळाची पत्रकं, परदेशातल्या लेकीशी व्हिडिओ कॉल, सगळं त्यावर चालतं. चहाचं पाणी गॅसवर चढायच्या आत तो सुरू झालेला असतो. त्यासाठी दोनच गोष्टी केल्या : फिरणारी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपची बनलेली डिस्क, घातली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत यंत्रणा बसवली. स्क्रू ड्रायव्हर कधी हातात न धरलेल्या माणसालाही हे घरी जमतं. मी ज्या क्रमाने करते तोच क्रम खाली देते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण तो पाळला तर प्रत्येक पायरीवरून मागे फिरता येतं. मागे फिरता येतं एवढं माहीत असलं की हात कापत नाही.

आधी यंत्र ओळखा

विंडोज चालू असतानाच टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स' या भागात जा. प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क कोणत्या जातीची हे तिथे दिसतं. डिस्कच्या नावाखाली एचडीडी (म्हणजे फिरणारी हार्ड डिस्क) लिहिलेलं असेल आणि लॅपटॉप नुसता उघडून ठेवला तरी डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना टेकत असेल, तर रोग सापडला. अशा यंत्रांचा प्रोसेसर सहसा ठीकच असतो. तो बिचारा डिस्ककडून माहिती येण्याची वाट बघत बसलेला असतो. फिरणाऱ्या डिस्कमध्ये एक सुई तबकडीवर इकडून तिकडे धावत असते, आणि हजारो छोट्या फायली हजार जागी विखुरलेल्या असल्या की तिचा सगळा वेळ धावण्यातच जातो. एसएसडीत हलणारा भागच नाही. म्हणून दहा-अकरा वर्षं जुनं यंत्र नुसत्या डिस्कबदलाने ओळखू येईनासं होतं.

विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. तुमचं यंत्र त्यात बसत असेल तर हा लेख तुमच्यासाठी तितकासा निकडीचा नाही. बसत नसेल आणि विंडोज १०च ठेवायचं असेल, तर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षा-अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून दिली आहे. पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. मुदत संपली म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही. पण नव्याने सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत, आणि अशा यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाकणं मला पटत नाही.

मिंटला किमान २ जीबी रॅम लागते असं मिंटवाले स्वतः सांगतात, ४ जीबी असावी असंही सांगतात. माझा अनुभव असा की २ जीबीत मिंट चालतं, पण आजचा ब्राउझर चालत नाही. रॅम २ जीबी असेल आणि वाढवता येत नसेल, तर त्या यंत्रावर पैसे घालू नका. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तरीही तेच.

आता एक गोष्ट मनापासून. ज्यांचं पोट टॅलीवर, ऑटोकॅडवर किंवा फोटोशॉपवर आहे, ज्यांना डिजिटल सहीचा डोंगल लावून रोज टेंडर किंवा रिटर्न भरावी लागतात, त्यांनी कामाचा मुख्य लॅपटॉप लिनक्सवर नेऊ नये. ओढून-ताणून यातलं काही काही चालवता येतं, पण रिटर्न भरायच्या शेवटच्या रात्री ते अडलं तर कुणी मदतीला येणार नाही. घरचं दुसरं यंत्र, मुलांचा अभ्यास, आई-वडिलांचा लॅपटॉप, छोट्या संस्थेचं पत्रलेखन यांच्यासाठी मात्र मी बेलाशक मिंट सुचवते.

मिंटच का

लिनक्स हा मुळात गाभा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉर्वाल्ड्सने तो १९९१मध्ये लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्या गाभ्याभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर, ऑफिस असं सामान रचून जो संच तयार होतो त्याला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत, आणि नवखा माणूस कोणती घ्यावी याचीच चर्चा वाचत महिना घालवतो. तुम्ही तो महिना वाचवा. मिंट २००६पासून चालू आहे, उबुंटूच्या पायावर उभं आहे, आणि त्याची मांडणी जुन्या विंडोजसारखी : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. मावशीला फक्त मेनूचं बटण दाखवावं लागलं.

मिंटच्या तीन आवृत्त्या मिळतात : सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. जुन्या लॅपटॉपला एक्सएफसीई घ्या, ती सगळ्यांत हलकी. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घेतली तरी चालेल, दिसायला ती अधिक देखणी आहे. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पहिली पायरी : पेनड्राइव्ह तयार करा, आणि डिस्क विकत घ्यायच्या आधी मिंट चालवून बघा

बहुतेक जण इथे उलटं करतात. आधी एसएसडी आणतात, लॅपटॉप खोलतात, आणि मग कळतं की वाय-फाय चालत नाही. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, काहीही न बसवता. तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी ते बघून घ्या.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट बांधून ठेवलेली एकच फाइल, उतरवा. ती ३ जीबीच्या आसपास असते. उतरली की तपासा. हे काम सगळे टाळतात, म्हणून कारण सांगते. २० फेब्रुवारी २०१६ला मिंटच्या संकेतस्थळात घुसून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवाच बदलला होता. त्या दिवशी तो दुवा वापरणाऱ्या काही जणांच्या हाती चोरवाट ठेवलेलं मिंट पडलं. मिंटच्या लोकांनी ते लपवलं नाही, लगेच जाहीर केलं. फाइल पडताळून बघितली तर असा फरक कळण्याची शक्यता वाढते. पडताळणी अशी : सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर बसवा, आयएसओवर उजवी क्लिक करा, 'सीआरसी एसएचए' या उपमेनूतलं 'एसएचए-२५६' निवडा. ६४ अक्षरांची एक लांबलचक ओळ येईल. मिंटच्या संकेतस्थळावर त्या फाइलसाठी जी ओळ दिली आहे ती हीच आहे ना, ते जुळवा. एक अक्षर वेगळं असलं तरी फाइल टाकून द्या आणि पुन्हा उतरवा. अर्धवट उतरलेली फाइलही इथेच पकडली जाते, आणि आपल्याकडच्या नेटवर तेच जास्त वेळा होतं.

मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यात काही असेल तर आधी काढून ठेवा, कारण तो पूर्ण पुसला जातो. बलेना एचर हे सॉफ्टवेअर उघडा : फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, फ्लॅश करा. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, हे लक्षात ठेवा.

लॅपटॉप बंद करताना शिफ्ट दाबून धरा आणि मग 'शट डाउन' म्हणा. साध्या शट डाउनमध्ये विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. पेनड्राइव्ह लावा, बटण दाबा आणि लगेच बूट मेनूची (यंत्र कशावरून सुरू करायचं ते निवडण्याच्या यादीची) कळ टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर ती बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एसुसवर एस्केप. एसरवर एफ१२च, पण आधी एफ२ने सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. यादीत पेनड्राइव्हचं नाव दिसेल, ते निवडा. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी यंत्रणा सुरू होऊ न देणारं कुलूप, बंद करायची सहसा गरज पडत नाही.

मिनिटा-दोन मिनिटांत मिंटचा पडदा येईल. पेनड्राइव्हवरून चालतंय म्हणून ते जरा संथ वाटेल, तो वेग खरा धरू नका. इथे अर्धा तास घालवा. वाय-फाय जोडून बघा, यूट्यूबवर एखादं गाणं लावून आवाज बघा, कॅमेरा, टचपॅड, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा, आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का तेही. वाय-फायची चिप ओळखली गेली नाही तर निराश होऊ नका. फोन यूएसबीने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळेल. मग मेनूतला 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. बऱ्याचदा तो हवा तो ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, सुचवतो.

इथेच आणखी एक काम उरकून घ्या. मेनूत 'डिस्क्स' नावाचं साधन आहे. त्यात जुनी डिस्क निवडून 'स्मार्ट डेटा', म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, बघा. 'रीअलोकेटेड सेक्टर' या ओळीतला आकडा शून्याहून बराच वर गेला असेल तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. मग बाकी सगळं थांबवून आधी त्यातलं सामान बाहेर काढा.

सगळं ठीक चाललं, की एसएसडी विकत घ्या.

दुसरी पायरी : सामान बाहेर काढा

फोटो, कागदपत्रं, ब्राउझरचे बुकमार्क, डाउनलोडमध्ये पडलेली वीजबिलं, डेस्कटॉपवरच्या फायली, सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. लोक डेस्कटॉप हमखास विसरतात. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा. तिच्याशिवाय ती डिस्क नंतर उघडणार नाही.

चार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर मिंट बसवताना मी त्यांची बॅकअपची डिस्क तशीच जोडून ठेवली होती. यादीत दोन डिस्क दिसत होत्या, दोन्ही ५०० जीबीच्या. मी चुकीच्या ओळीवर 'पुसा' म्हटलं. त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो तिच्यात होते. फोटोरेक नावाच्या मुक्त साधनाने त्यातले बरेचसे परत मिळाले, पण नावं आणि फोल्डर गेले ते गेलेच. शेजारीणबाईंनी तीन संध्याकाळी बसून ते फोटो एकेक करून लावले आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. बॅकअप झाला की ती डिस्क सोडवून दुसऱ्या खोलीत कपाटात. आणि शक्य तिथे जुनी डिस्क पुसायचीच नाही. ती लॅपटॉपमधून काढायची, जशीच्या तशी बाजूला ठेवायची, आणि मिंट नव्या कोऱ्या एसएसडीवर बसवायचं. मिंट नाही आवडलं तर जुनी डिस्क परत घातली की विंडोज होतं तसं हजर.

तिसरी पायरी : लॅपटॉप उघडणं

बहुतेक जुन्या लॅपटॉपना २.५ इंची साटा एसएसडी लागते, जाडी ७ मिमी. तरी तुमच्या मॉडेलचं नाव घालून खोलण्याचा एखादा व्हिडिओ आधी पूर्ण बघा. काही स्वस्त पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डलाच डकवलेली असते, तिथे ही पायरीच नाही. बॅकअप दोन ठिकाणी घ्या आणि आहे त्याच साठवणीवर मिंट बसवा.

चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर ती काढा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. टेबलावर जुनी चादर घाला, गालिच्यावर बसून हे काम करू नका. हात लावण्याआधी नळासारख्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज उतरते.

स्क्रू ड्रायव्हर फुलीच्या टोकाचा, लहान आणि चांगल्या लोखंडाचा हवा. मऊ टोकाचा असला की स्क्रूचं डोकंच झिजतं आणि मग तो काही केल्या निघत नाही. एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच जागी चिकटपट्टीने लावत जा. स्क्रू दोन-तीन लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो वरच्या बाजूला कीबोर्डजवळ टेंगूळ आणतो. रबरी पायांखाली लपलेले स्क्रू विसरू नका. सगळे काढूनही पाठ हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू नक्की राहिला आहे. पाठ सुटायला लागली की जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवा, आतल्या खुंट्या टक टक करत सुटतात.

बॅटरी आत असेल तर तिची मदरबोर्डवरची पिन सर्वांत आधी काढा, आणि वायर ओढून नव्हे तर पिनचं प्लास्टिक धरून. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला दाबू नका, टोचू नका. काम तिथेच थांबवा आणि ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

डिस्क पत्र्याच्या एका चौकटीत बसवलेली असते. चौकटीचे स्क्रू काढा आणि डिस्क वर न उचलता कनेक्टरपासून आडवी सरकवा. चौकट काढून एसएसडीला लावा, कनेक्टरचा एल आकार जुळवा, आणि आडवीच सरकवत आत बसवा.

उघडलंच आहे तर रॅमही बघून घ्या. ४ जीबीची ८ केली तर ब्राउझरच्या दहा खिडक्या सुखाने उघडतात. पण रॅम योग्य जातीची हवी. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची असते आणि तिथे चालत नाही. जुन्या पट्टीवरच्या लेबलवर पीसी३एल असं लिहिलेलं असतं, त्यातला एल बघून घ्या. नाहीतर ती पट्टीच खिशात घालून दुकानात न्या, ते सगळ्यांत बरं. नवी पट्टी तिरपी आत सरकवायची आणि मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज आला पाहिजे. जुनी पट्टी काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबराने हलके पुसा आणि चुरा झटका. लॅपटॉप सुरूच होत नाही म्हणून आलेली दोन यंत्रं माझ्याकडे एवढ्यावरच सुरू झाली आहेत.

चौथी पायरी : मिंट बसवणं

पाठ बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चार्जर लावा. मध्येच वीज गेली आणि बॅटरीत दम नसला तर काम अर्धवट राहतं. वीज जाण्याचा भरवसा नसेल त्या गावी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर बसा.

मिंटच्या पडद्यावर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चित्र आहे, ते उघडा.

१. भाषा विचारली जाते. यादीत मराठी आहे, आणि ती निवडायचा मोह मलाही होतो. तरी सुरुवातीला इंग्रजी ठेवा. मेनूंचा मराठी अनुवाद अजून अपुरा आहे, आणि अडल्यावर जी मदत सापडते तिच्यात मेनूंची इंग्रजी नावंच असतात. मराठीत लिहिता तर येणारच आहे, ते पुढे सांगते.

२. कीबोर्ड 'इंग्लिश (यूएस)'. आपल्याकडे विकले जाणारे कीबोर्ड याच मांडणीचे असतात.

३. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा, म्हणजे गाणी आणि व्हिडिओ पहिल्या दिवसापासून चालतील.

४. 'इरेज डिस्क' निवडा. इथे थांबा आणि डिस्कचं नाव आणि आकार मोठ्याने वाचा. यंत्रात आता फक्त नवी एसएसडी आणि पेनड्राइव्ह आहे, त्यामुळे चुकायला जागा नाही. पण वाचायची सवय लावून घ्या.

५. नकाशात कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ. नाव आणि पासवर्ड. पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा. 'होम फोल्डर एन्क्रिप्ट' ही खूण पहिल्या खेपेला करू नका, कारण पासवर्ड विसरलात तर फोटो कायमचे गेले.

एसएसडीवर हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतात. दाबा, आणि घड्याळ लावून बघा.

पहिला तास

सुरू झाल्यावर 'वेलकम'ची खिडकी येते. तिच्यात 'फर्स्ट स्टेप्स' आहे, तिथली कामं वरून खाली करत जा. टाइमशिफ्ट लावून ठेवा : एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर यंत्र कालच्या स्थितीत आणता येतं. पण टाइमशिफ्ट तुमचे फोटो सांभाळत नाही, ते फक्त यंत्रणा सांभाळतं. या गैरसमजापोटी लोक फोटो गमावतात. मग खालच्या पट्टीतल्या ढालीवर क्लिक करून सगळे अपडेट घ्या आणि ड्रायव्हर मॅनेजर एकदा चालवा.

विंडोजमधली एक सवय मोडावी लागते. कुठल्याही संकेतस्थळावरून एक्झी फाइल उतरवून डबल क्लिक करायची नाही, ती इथे चालणारही नाही. काय हवं ते 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मध्ये शोधा : व्हिडिओसाठी व्हीएलसी, फोटोंसाठी गिंप, मुलांच्या खेळांसाठी जीकॉम्प्री. सगळं मोफत आणि तपासलेलं.

ऑफिससाठी लिब्रेऑफिस आधीच बसवलेलं असतं. २०१०मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं होऊन ते उभं राहिलं, आणि वर्ड-एक्सेलच्या फायली उघडतं. दुसऱ्याला फाइल पाठवायची असेल तर 'सेव्ह ॲज'मध्ये डॉकएक्स निवडा. कालिब्री अक्षरात लिहिलेली फाइल उघडल्यावर पानं सरकत असतील तर कार्लिटो हा फॉन्ट बसवा. त्याची अक्षरं कालिब्रीइतक्याच रुंदीची आहेत, त्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात.

प्रिंटरचं मात्र नशीब वेगवेगळं. वाय-फायवर चालणारे नवे प्रिंटर बहुधा आपणहून यादीत येतात, एचपीचेही बहुतेक चालतात. यूएसबीवरचे काही जुने छोटे लेझर प्रिंटर फार छळतात. तसा तुमच्याकडे असेल तर मिंट बसवायच्या आधीच, पेनड्राइव्हवरून चालवताना तो जोडून बघा.

मराठी टाइप करणं

मला ज्यात सगळ्यांत जास्त आनंद होतो ते हे काम. 'कीबोर्ड' सेटिंगमध्ये 'लेआउट' या भागात जा, अधिकच्या खुणेवर क्लिक करा, आणि भारतीय मांडण्यांत मराठी शोधा. दोन सापडतील. 'कगप' ही उच्चारानुसार लिहिण्याची, इंग्रजी कळा पाठ असणाऱ्यांना लवकर जमणारी. दुसरी 'एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट'. तिथेच भाषा बदलण्याची कळ ठरवून घ्या. मी दोन्ही ऑल्ट एकदम दाबण्याची ठेवली आहे.

तुम्ही रोज मराठी लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट शिका. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली ही प्रमाण मांडणी आहे. ती आठवड्याभरात हातात बसते, कारण तिला वर्णमालेचं डोकं आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. शिफ्ट धरली की क-चा ख, ग-चा घ, त-चा थ होतो. के-च्या कळीवर क, डी-च्या कळीवर हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण. 'क्ष' हवा तर क, हलन्त, ष. आणि मराठीची खास दोन अक्षरं : शिफ्ट धरून एन दाबला की ळ, शिफ्ट धरून जे दाबला की ऱ. 'वाऱ्यावर' हा शब्द लिहून बघा : व, काना, ऱ, हलन्त, य, काना, व, र. साधा र घेतला तर 'वार्यावर' असं रफार घेऊन येतं आणि डोळ्यांना खुपतं. ही एक कळ माहीत नसल्यामुळे पत्रिकांवर 'सार्यांना आमंत्रण' छापून येतं.

अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आणि मुक्त परवान्याखाली मिळतात. उतरवलेल्या फाइलवर डबल क्लिक करून ते बसवता येतात. मुक्ता लांब मजकुराला छान, बलू पत्रकाच्या मथळ्याला.

जुन्या फायलींची अडचण इथे डोकं वर काढते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी डीटीपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं उघडलं की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मिंटने काही बिघडवलेलं नसतं. ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार काढायचे. फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच आहेत, वर फक्त मुखवटा होता. युनिकोडमध्ये क-ला स्वतःचा क्रमांक आहे, तो कुठल्याही यंत्रावर क-च राहतो. अशा फायली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मोफत मिळतात, पण बदललेला मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून बघावाच लागतो. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. मावशीच्या मंडळाच्या तीस अभंगांना आम्हा दोघींच्या दोन दुपारी गेल्या.

अडलं तर

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजातही आहेत, मोफत. दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, थांबवत थांबवत सोबत करायचे. कुणाला प्रश्न विचारायचा असेल तर 'चालत नाही' एवढंच लिहू नका. मेनूतल्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये यंत्राची सगळी कुंडली मिळते. ती, पडद्यावर आलेला संदेश शब्दशः, आणि त्याच्या आधी तुम्ही काय केलं होतं ते, एवढं द्या. उत्तर लवकर येतं.

राहिली ती काढून ठेवलेली जुनी डिस्क. तिला महिनाभर हात लावू नका. या महिन्यात कुठली तरी फाइल आठवतेच : जुनी मार्कशीट, सोसायटीचं पत्र. महिन्याने संगणकाच्या दुकानातून २.५ इंची साटा डिस्कचं यूएसबी केसिंग आणा. डिस्क त्यात सरकवली, झाकण लावलं की झाली बाहेरची डिस्क. मिंटला ती जोडा, विंडोजचे फोल्डर उघडून हवं ते एसएसडीवर घ्या. 'स्मार्ट डेटा' चांगला असेल तर हीच डिस्क पुढे बॅकअपला वापरता येते. मावशीच्या डिस्कवर मी कागदाची एक पट्टी चिकटवली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ती डिस्क जोडते, फोटोंचा फोल्डर ओढून टाकते, आणि पट्टीवर पेनने तारीख लिहिते.